आईच्या भिंतीवरचा बिनबटणाचा डबा

चौथी रांग, आबितिबी
६ नोव्हेंबर १९८३

चि. आर्मां यास,
सोलांजताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. धरणावर आतापासूनच कंबरेएवढा बर्फ आहे आणि तू दाढी वाढवली आहेस, दोन्ही बातम्या कळल्या. दाढी खुशाल वाढव, पण आईला फोटो पाठवू नकोस. ती म्हणेल, अस्वल आलं, दार लावा.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. माझ्या फोनची तार आणखी तीन घरांत वाटलेली आहे आणि त्यातलं एक घर आईचं. मी इकडे रिसीव्हर उचलला की ती तिकडे उचलते. बोलत नाही, नुसती ऐकते. तिचा श्वास मला ओळखू येतो. आणि आजचं लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच.

आज प्रार्थनेला न्यायला म्हणून मी तिच्याकडे जरा लवकरच गेले. आत पाऊल टाकलं तर माझ्याच तोंडातून वाफ निघाली. भिंतीवरच्या तापमापकात नऊ अंश. आणि आपल्या मातोश्री डोक्याला लोकरीची टोपी आणि अंगात बाबांचा जंगलात जायचा कोट घालून मांसाच्या पाईसाठी मजेत पीठ मळत होत्या. मी ओरडले तेव्हा मलाच म्हणाली की झोपायच्या आधी आग बंद करायची असते, एवढंही तुला कोणी शिकवलं नाही का. आग म्हणजे आपण उन्हाळ्यात सरकारी अनुदानातून बसवून घेतलेले विजेचे हीटर. रोज रात्री माळ जपून झाली की ती भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचं बटण शून्यावर फिरवते आणि समाधानाने झोपते.

तिला लाकडं वाहून आणताना पडलेली मी पाहिली होती, म्हणून मीच हट्टाने चूल काढायला लावली. चूल बाहेर नेली त्या दिवशी ती अंगणात उभी होती, तोंडातून चकार शब्द काढला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आपली आई गप्प बसते तेव्हा ऐकलेलं नसतं, ठरवलेलं असतं.

आता खरी काळजी ऐक. आरोग्य केंद्राची नर्स मिरेय तिच्या रक्तदाबासाठी येते, तिला दोनदा घर असंच गार सापडलं. पोरगी कर्तव्यदक्ष आहे. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की तिसऱ्या वेळी ती आईचं नाव शहरातल्या वृद्धाश्रमासाठी पाठवणार. एक्क्याऐंशी वर्षांची बाई गोठून मेली तर जबाबदार कोण. तिचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण आर्मां, आईने हे घर बाबांबरोबर झाडं तोडून उभं केलं. मी जिवंत असेपर्यंत ती इथून हलणार नाही. हे मी ठरवलं आहे आणि मीही तिचीच मुलगी आहे.

मी पोरांचा स्वयंपाक करते त्या शाळेच्या हॉलमध्ये कुणाला हात लावता येऊ नये असा बिनबटणाचा थर्मोस्टॅट आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी त्याच्यापुढे हात टेकले आहेत. तसला मला पाठव आणि तो कसा लावायचा तेही लिही.

पायमोजे कोरडे ठेव. पत्राची वाट बघते आहे, माया आहे तशीच असू दे.

तुझी ताई,
सोलांज

उत्तरेची छावणी
१७ नोव्हेंबर १९८३

ती. सोलांजताईस,
आर्मांचा सा. न. वि. वि.

ताई, तू रागावणार हे माहीत असून लिहितो. वृद्धाश्रम म्हणजे तुरुंग नव्हे. आमच्या फोरमनची आई तिथेच आहे. उबदार खोली आहे, रविवारी पाद्रीबुवा येतात, रोज दुपारी पत्त्यांचे डाव पडतात. आपली आई तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना महिनाभरात लुटेल. तू शाळेत शंभर पोरांना जेवू घालतेस, मग आईकडे धावतेस, मग घरी जाऊन पाय चेपत बसतेस. तुझाही विचार कुणीतरी करायला हवा. मी केला, आता शिव्या दे.

दिल्यास? मग पुढचं वाच. पार्सल पाठवलं आहे. त्यात पांढरा डबा आहे, त्यावर ना बटण, ना चाक, ना आकडे. आकड्यांचं चाक झाकणाच्या आत आहे आणि झाकण एका वेगळ्या स्क्रूने बंद होतं. तो स्क्रू सोबतच्या छोट्या वाकड्या चावीनेच फिरतो. याला ‘बंद’ अशी जागाच नाही. कितीही खाली नेला तरी नळ गोठण्याआधी तो हीटर चालू करतोच. खालच्या खोलीतले दोन्ही हीटर याच एका डब्यावर चालतील. वीसवर लाव, झाकण घाल आणि चावी तुझ्या खिशात ठेव.

आता नीट ऐक. बाजारात घंटेच्या तारेसारख्या बारीक तारेवर चालणारे थर्मोस्टॅट मिळतात, हा तसला नाही. यातून हीटरची सगळी वीज जाते, दोनशे चाळीस व्होल्ट. तू तुझे चमचे-काटे सांभाळ, यात बोटं घालायची नाहीत. कायदाही तेच सांगतो. म्हातारा ऑविला वायरमनचा परवाना अजून बाळगून आहे, त्याला बोलव. जुना थर्मोस्टॅट बाहेरच्या दाराशी आहे, ती जागा चुकीची. नवा आतल्या भिंतीवर, तुझ्या डोळ्यांच्या उंचीला लावा. स्वयंपाकाची शेगडी आणि खिडकीचं ऊन यांच्यापासून लांब. याला जवळ ऊब लागली की सगळं घर उबदार आहे असं वाटतं आणि हा हीटर बंद करतो. बिचारा आपल्या नाकापुढचंच बघतो, आमच्या साहेबासारखा.

आईला माझा नमस्कार आणि दाढीबद्दल अवाक्षर नको.

तुझ्या शिव्यांची आणि खुशालीची वाट पाहतो. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
आर्मां

चौथी रांग
४ डिसेंबर १९८३

चि. आर्मां यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शिव्या मनातल्या मनात दिल्या, कागद वाचवला.

डबा बसला. ऑविला आला तो बाबांच्या आठवणी आणि स्वतःच्या कंबरेच्या तक्रारी घेऊन. त्याने मेन स्विच पाडला, टेस्टर लावून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग त्याचे हात असे थरथरायला लागले की तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, सोलांज, हात तुझे, परवाना माझा. तू लिहिलं होतंस बोटं घालू नकोस. घातली. पण वीज बंद होती आणि ऑविला मांजरासारखा डोळा ठेवून होता. जुन्या जागेची तार त्याने भिंतीच्या आतून जिन्याशेजारी ओढून घेतली. तारांची टोकं मी पिळली, वर प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या. त्याने प्रत्येक टोपी ओढून बघितली आणि एक मला पुन्हा करायला लावली. मेन स्विच वर केला तेव्हा हीटर तापायला लागले आणि मला आपला पहिला पाव फुगल्यासारखा आनंद झाला. चाक वीसवर लावलं, झाकण घातलं, चावी एप्रनच्या खिशात. ऑविला म्हणाला, आता बिशपला सुद्धा उघडता यायचं नाही.

आई सगळा वेळ वाटाण्याचं सूप ढवळत होती. आम्हाला वाढलं, ऑविलाला दुसऱ्यांदा वाढलं, मग डब्यापुढे उभी राहिली आणि बटण कुठे म्हणून विचारलं. बटण नाही, तो आपला आपण बघतो, असं मी सांगितलं. तिने मान डोलावली. गप्प बसली. तू समजलास.

चार दिवसांनी बघते तर झाकणाच्या कडेला लोणी लावायच्या सुरीचे ओरखडे. आईने कानावर हात ठेवले. उंदीर असतील म्हणाली. भिंतीवर, माणसाच्या उंचीला, उंदीर.

तेव्हा मी एक युक्ती केली, आणि खरं सांगते, मला तिचा अभिमान वाटतो. संत आनची मूर्ती तिच्या पलंगाच्या वर फळीवर होती ना, ती फळी काढून मी थर्मोस्टॅटच्या बरोबर खाली ठोकली. आता डब्याला सुरी लावायची तर संत आनच्या डोक्यावरून हात न्यायला लागेल. आई कुणाशीही भांडेल, माझ्याशी, पाद्रीबुवांशी, सरकारशी. संत आनपुढे ती सुरी काढायची नाही. त्या दिवसापासून एक ओरखडा नाही. शाळेचं काम उरकून रोज दुपारी जाते तेव्हा घर उबदार असतं. गेल्या रविवारी सकाळी गेले तेव्हाही ठीक होतं.

तुला हातमोजे विणते आहे. आशीर्वाद आहेतच, तू तुझी माया धाडत राहा.

ताई

उत्तरेची छावणी
१९ डिसेंबर १९८३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंचवीस वर्षं तारा ओढतोय, पण थर्मोस्टॅटवर संतांचा पहारा बसवलेला पहिल्यांदाच ऐकला. जेवणाच्या टेबलावर तुझं पत्र वाचून दाखवलं. तारा जोडणारे सगळे म्हणतात, तुला इथे नोकरीवर घ्या.

तरीही माझं मत मी बदललेलं नाही. डब्याने यंदाचा हिवाळा निभावेल, पुढच्याचं काय? वृद्धाश्रमाच्या यादीत नाव घालायला काही जात नाही. आता एवढंच लिहितो, नाहीतर नाताळाच्या पाईतला माझा वाटा तू ऑविलाला देशील.

नाताळला सुट्टी नाही. फेब्रुवारीत येईन. आईला माझ्यातर्फे जवळ घे. ती ढकलून देईल, तरी घे.

नव्या वर्षात तुझी कृपा माझ्यावर राहो.

आर्मां

चौथी रांग
२२ जानेवारी १९८४

चि. आर्मां यास,
आशीर्वाद. वि. वि.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. सगळं क्रमाने सांगते, कारण माझंच डोकं ठिकाणावर नाही.

मंगळवारी उणे अडतीस होतं. रस्ता बंद व्हायच्या आत म्हणून नर्स मिरेय सकाळी लवकरच आईकडे गेली. घरात आठ अंश. खिडक्यांना आतून बर्फ. आई कोट घालून, तीन गोधड्यांखाली, गुलाबी गालांनी गाढ झोपलेली. नर्सने हलवून उठवलं आणि विचारलं की हीटर का बंद आहेत. आई म्हणाली की संत आन रोज रात्री भिंतीतली आग शांत करते. नर्सने पेन काढलं आणि लिहिलं. मग माझ्या शाळेत येऊन मला सांगितलं, अगदी मऊ आवाजात, की आता प्रश्न थंडीचा नाही, डोक्याचा आहे. पंधरा फेब्रुवारीला डॉक्टर, नर्स आणि आम्ही दोघी बसणार. त्या दिवशी ठरणार. तिचा मऊ आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त लागला.

मी गाडीत बसून रडले. मग डोळे पुसले आणि संध्याकाळी आईकडे मुक्कामाला गेले. डबा चांगला, तारा चांगल्या, चावी माझ्या खिशात, मग घर गार होतं कसं? ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी उठणार नव्हते.

जेवण झालं. घर छान उबदार. हीटरमधून टिक टिक आवाज येत होता, पत्रा तापला की येतो तसा. आईने माळ जपली, उठली, आणि संत आनपुढे मेणबत्ती लावली. लाल पेल्यातली, रात्रभर जळणारी. पेला पाण्याच्या ताटलीत ठेवला. थोड्या वेळाने टिक टिक थांबली. आई माझ्याकडे बघून हसली, जणू म्हणत होती, काय सांगितलं होतं मी. मग कूस बदलून झोपली.

आणि घर गार व्हायला लागलं. मी उठून डब्यावर हात ठेवला तर भट्टीतून काढलेल्या पावासारखा गरम. आर्मां, तूच लिहिलं होतंस की तो आपल्या नाकापुढचंच बघतो. त्याच्या नाकाखाली मीच संत आनला बसवली आणि संत आनपुढे मेणबत्ती लागणार नाही तर कुणापुढे! सुरीने जे जमलं नाही ते माझ्या फळीने केलं. सकाळी उठून ती मेणबत्ती विझवते, दुपारी मी येईपर्यंत घर तापतं, म्हणून मला महिनाभर पत्ताच नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावाने मारू?

मी फळी काढायला गेले तर ती जागी झाली आणि मला म्हणाली, तिला हलवू नकोस, भिंत पेटेल. मग बसून बोलली. इतकं ती बाबा गेल्यापासून बोलली नव्हती. आपल्या जन्माच्या आधी मागच्या रांगेतल्या एका घराचं धुराडं रात्री पेटलं होतं. चूल लालभडक करून लोक झोपले होते. आई त्या रात्री तिथे बाळंतिणीच्या सोबतीला होती. तिने आधी भिंतीत असाच टिक टिक आवाज ऐकला आणि तिला वाटलं, लाकूड आहे, वाजायचंच. बाळंतीण वाचली, मूल नाही. तेव्हापासून ती झोपताना आग बंद करते. मी विचारलं की मग मेणबत्ती कशी चालते. म्हणाली, दिसणाऱ्या आगीला मी भीत नाही, लपलेल्या आगीला भिते.

हे वेड नाही. मी आता तिला तिथे पाठवणं शक्य नाही, तू काहीही लिही. तू मला फक्त एवढंच सांग की हा टिक टिक आवाज बंद कसा करायचा.

तुझ्या उत्तरावर माझा जीव टांगला आहे. लोभ राहू दे.

ताई

उत्तरेची छावणी
३१ जानेवारी १९८४

ती. ताईस,
आर्मांचा नमस्कार. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. यावेळी टेबलावर वाचून दाखवलं नाही.

त्या घराची गोष्ट मला माहीत नव्हती. लहानपणी रात्री ती चुलीपाशी बसलेली असायची तेव्हा मला वाटायचं तिला झोप येत नाही. वृद्धाश्रमाचं जे जे लिहिलं ते मी मागे घेतो. ती त्या घरात राहील, आणि त्यासाठी जे करायचं ते आपण दोघं मिळून करू. तू एकटी नाहीस.

पहिलं काम, फळी हलव. जुन्या जागी, पलंगाच्या वर. शेगडी लिहिली, ऊन लिहिलं, मेणबत्ती लिहायचं मला सुचलं नाही. आता नव्या पोरांना शिकवताना तेही सांगत जाईन.

दुसरं, तो आवाज. हीटरचा पत्रा तापला की लांब होतो आणि गार झाला की आखडतो. अनुदानवाल्या माणसांनी हीटर भिंतीला करकचून आवळले असणार. पत्र्याला सरकायला जागा नाही, म्हणून तो टिचकत सरकतो. मेन स्विच पाड. टेस्टरने बघायला ऑविला हवाच. हीटर गार झाला की पुढचं झाकण काढ, पाठीमागे भिंतीत गेलेले स्क्रू दिसतील. भोकं आडवी लांबट आहेत, ती सरकण्यासाठीच. प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा सैल कर, जास्त नाही. पत्रा हाताने किंचित हलला पाहिजे. पत्र्याची कड जिथे भिंतीला घासते तिथेही आवाज येतो, तिथे जरा जागा करा. अगदी शून्य होणार नाही, पण भिंतीत कुणी दात वाजवतंय असं वाटणार नाही.

आणि तिला दाखव. झाकण उघडं असताना तिला बोलाव, आत आग नाही हे तिच्या डोळ्यांना दिसू दे. हे आपण उन्हाळ्यातच करायला हवं होतं.

पंधरा तारखेसाठी मी सुट्टी मागितली आहे. विमान उडालं तर मी त्या टेबलाशी बसलेला असेन, दाढी काढून.

आईला आणि तुला, दोघींना, माझी माया.

आर्मां

चौथी रांग
१३ फेब्रुवारी १९८४

चि. आर्मां यास,
घाईत लिहिते, आशीर्वाद.

रेडिओवर सांगितलं की उत्तरेकडची विमानं वादळाने अडकली आहेत. तू येऊ शकणार नाहीस हे मी धरून चालले आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

स्क्रू सैल केले. ऑविला स्टुलावर, मी जमिनीवर पालथी, आई माझ्या पाठीवर वाकून बॅटरी धरून. ती प्रत्येक स्क्रू मोजून बघत होती. आतली पत्र्याची पानं बघून म्हणाली, एवढंच? मग मला एक स्क्रू पुन्हा घट्ट करायला लावून पुन्हा सैल करायला लावला आणि दोन्ही वेळा कान लावून ऐकलं. त्या रात्री मी तिथेच झोपले. घर वीसवर. आवाज अगदीच थोडा. आई जागी होती, मी जागी होते, दोघी झोपल्याचं सोंग करत होतो. पहाटे ती घोरली.

पण हे डॉक्टरला कसं सांगायचं? संत आनचं वाक्य नर्सच्या वहीत लिहिलेलं आहे आणि कागदाला खोडरबर नसतं. मी जाणार आहे आणि भांडणार आहे.

आठवण ठेव.
ताई

चौथी रांग
२६ फेब्रुवारी १९८४

चिरंजीव आर्मां यास,
आईचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. माझी शाळा चौथीत संपली आणि माझं अक्षर तेव्हापासून थांबलं आहे. पण त्या दिवशी काय झालं ते सोलांजने तुला तिच्या पद्धतीने सांगितलं असेल, म्हणजे रडत. माझ्या पद्धतीने ऐक.

डॉक्टर तरुण आहे, कान मोठे. त्याने मला आजची तारीख विचारली, ती सांगितली. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. मी म्हटलं, ते मी करते, पण आधी तुम्ही सांगा, मेणबत्तीच्या वर हात धरला तर जास्त भाजतो की बाजूला. तो म्हणाला, वर. मी म्हटलं, त्या डब्यालाही तेवढंच कळतं. मी साठ वर्षं पावाचं पीठ चुलीवरच्या फळीवर फुगवलं आहे, ऊब कुठून कुठे जाते हे मला शिकवू नका. संत आनची फळी तिथे आली त्याच आठवड्यात मला समजलं होतं. मेणबत्ती लावली की डबा फसतो आणि टिकटिक थांबते. रविवारी सोलांज लवकर येते म्हणून त्या दिवशी मेणबत्ती मी लवकर विझवायची.

नर्सने विचारलं की मग तिला संत आनचं का सांगितलं. मी खरं तेच बोलले. म्हटलं, मिरेय, डब्याला फसवते असं सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस, म्हातारी लबाड आहे. आमच्या काळात संत आनचं नाव घेतलं की लोक टोपी काढायचे. आता पोरी पेन काढतात. डॉक्टर हसला. ती हसली नाही, पण तिने पेन खाली ठेवलं. पोरगी वाईट नाही. येताना तिला पाईचा तुकडा दिला.

मग डॉक्टरने विचारलं की त्या डब्याची चावी कोणाकडे असते. सोलांजने खिशातून काढून दाखवली. तेव्हा मात्र माझा आवाज चढला. मी म्हटलं, बघा, घर माझं, भिंत माझी, कुलूप माझ्या उबेला, चावी दुसऱ्याच्या एप्रनमध्ये, आणि वेडी कोण ते तुम्ही ठरवायला बसलात. घर गार का असतं हे सगळ्यांनी विचारलं. मला किती गरम हवं हे एकानेही विचारलं नाही. आर्मां, तूही नाहीस.

सोलांजने ती चावी माझ्यापुढे टेबलावर ठेवली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा लहानपणी कप फुटला की व्हायचा तसा झाला होता. मला वाईट वाटलं, पण चावी घेतली.

डॉक्टरने लिहिलं की मी माझ्या घरी राहायचं आणि मिरेयने बुधवारी येत राहायचं. वृद्धाश्रमाच्या कागदावर त्याने आडवी रेघ मारली. मी ती रेघ वाचली, माझ्या चष्म्याने.

आता हे तुझ्या पोटात ठेव. घरी आल्यावर मी तो डबा उघडला. वाकडी चावी कशी धरायची ते मला आलं, सोलांजला करताना बघितलं होतं. आतलं चाक बघितलं, वीसवर होतं. मग झाकण तसंच लावून टाकलं. वीस मला बरं आहे, आवाज नसता तर नोव्हेंबरातही बरंच वाटलं असतं. पण सोलांजला हे लिहू नकोस. मी रात्री किती खाली नेते या काळजीने ती आता शाळेच्या आधी रोज सकाळी येते, तापमापकाकडे बघते, आणि आलीच आहे तर माझ्याबरोबर कॉफी घेऊन जाते.

दाढीचं ऑविलाने सांगितलं. काढ.

देव तुझं भलं करो आणि तुला या आईकडे यायची बुद्धी देवो.

तुझी आई,
देलिमा